गिरणीच्या माडीवरचा सर्व्हर

सेक्रेटरीला मी आवडत नव्हते आणि मला तो. समोर मी त्याला कायम अहोजाहो केलं. लिहिताना करणार नाही.

दोन हजार सालाच्या पुढची-मागची गोष्ट. वेल्ह्याच्या रस्त्यावर, मार्गासनीत, भात पिकवणाऱ्यांची एक छोटी सहकारी संस्था होती. गुंजवण्यापासून पार पासलीपर्यंतचे सभासद आपलं भात तिथं आणून घालायचे. खाली काटा, गोदाम आणि भाताची गिरणी; वर पत्र्याच्या माडीवर कचेरी. मी भोरची. अब्बांचं सायकलचं दुकान होतं. बी.कॉम. झाल्यावर पुण्यात मावशीकडे राहून मी संगणकावर हिशेब लिहायचा कोर्स केला, आणि या संस्थेनं अकाउंटंटची जागा काढली तेव्हा अर्ज टाकला. रोज सकाळी भोरहून एसटी, चेलाडी फाट्यावर उतरायचं, तिथून वेल्ह्याची दुसरी एसटी.

सेक्रेटरी मार्गासनीचाच. ती जागा त्यानं मनातल्या मनात आपल्या भाच्याला देऊन टाकली होती. संचालकांनी मुलाखती घेतल्या. ताळेबंद म्हणजे काय ते भाच्याला सांगता आलं नाही, मला आलं. एवढाच माझा गुन्हा. पहिल्या दिवशी मला खुर्ची नव्हती. "खुर्च्या मंजूर न्हाईत," तो म्हणाला. त्याच्या खोलीत दोन रिकाम्या खुर्च्या होत्या, त्यांच्यावर जुनी वर्तमानपत्रं रचलेली. मी बारदानाच्या गठ्ठ्यावर बसून काम सुरू केलं, आणि पुढच्या आठवड्यात घरची लाकडी खुर्ची टेम्पोत घालून घेऊन आले. त्या दिवसापासून त्यानं माझं नाव कधी घेतलं नाही. "ओ बाई" एवढंच.

सुगीत त्या कचेरीत रोज भांडणं व्हायची. भात काट्यावर घातलं की पावती हातानं लिहायची, खाली कार्बन घालून तीन प्रती: एक शेतकऱ्याला, एक गोदामाला, एक कचेरीला. तिसऱ्या प्रतीवरचा आकडा पुसट उमटायचा. खालचं वजन आणि वरचा हिशेब जुळायचा नाही, मग शेतकरी माडी चढून माझ्याशी भांडायचे आणि सेक्रेटरी आपल्या खोलीतून ओरडायचा, "बाईंना विचारा, त्या शिकल्याल्या हाईत." शेवटी संचालकांनी ठरवलं, संगणक घ्यायचे. एक काट्यावर, एक माझ्यासमोर, खालचं वजन वरही त्याच क्षणी दिसावं म्हणून मध्ये एक सर्व्हर, आणि पावत्यांसाठी प्रिंटर. मंजूर झालेली रक्कम अगदी बेताची होती.

आमचं दोघांचं पटत नाही हे चेअरमनना पुरतं माहीत होतं, आणि म्हणूनच त्यांनी आम्हा दोघांना एकत्र पाठवायचं ठरवलं. "म्हणजे कुणी कुणाचा फायदा करून देणार नाही," असं ते बैठकीत म्हणाले. तीन दुकानांची कोटेशनं आणायची, आणि दोघांची सही असल्याशिवाय ऑर्डर जायची नाही. बैठक उठताना ते सेक्रेटरीला म्हणाले, "प्रिंटर तेवढा कलरचा बघा. दिवाळीची भेटकार्डं आपली आपल्याला काढता आली पाहिजेत." दर दिवाळीला त्यांचा हात जोडलेला फोटो छापलेलं कार्ड प्रत्येक सभासदाच्या घरी जायचं.

मी आठ-दहा दिवस फक्त बघत होते. गिरणी चालू झाली की कोंड्याची बारीक धूळ जिन्यावरून वर यायची आणि दुपारपर्यंत टेबलावर बोटानं नाव लिहिता येईल इतकी साचायची. गिरणीची मोटर सुरू होताना माडीवरचा दिवा मिणमिणायचा. त्यात भारनियमन. म्हणून मी ठरवलं ते असं: सर्व्हर म्हणून साधाच पण दोन हार्ड डिस्क असलेला संगणक घ्यायचा, एक डिस्क गेली तरी दुसरीवर सगळं राहावं म्हणून. उरलेले पैसे, दिवे गेले तरी संगणक चालू ठेवणाऱ्या चांगल्या, मोठ्या यूपीएसवर घालायचे. सर्व्हरभोवती काचेचं छोटं पार्टिशन करायचं, धूळ आत जाऊ नये म्हणून. आणि प्रिंटर घ्यायचा तो डॉट मॅट्रिक्स. तो सुया आपटून छापतो, त्यामुळं कार्बन घातलेल्या तिन्ही प्रती एकाच वेळी उमटतात. कलर प्रिंटर नुसती शाई फवारतो, त्याच्यापुढं कार्बनचा काही उपयोग नाही.

हे मी सेक्रेटरीला सांगायला गेले. तो नखं कापत होता. "पुण्यात गेल्यावर बगू," म्हणाला.

पुण्यात गेलो. एसटीत तो पुढं बसला, मी मागं. पहिल्या दोन दुकानांत तो नुसता हाताची घडी घालून उभा राहिला आणि मी बोलले. तिसऱ्या दुकानात मात्र त्याची ओळख निघाली. दुकानदारानं त्याला "या, या" केलं, आतून थंड पेय मागवलं, आणि आम्हाला एका काळ्या, कमरेएवढ्या उंच कपाटासमोर नेऊन उभं केलं. पुढं हिरवे दिवे लुकलुकत होते, आतले पंखे घोंघावत होते.

"हा खरा सर्व्हर," दुकानदार म्हणाला. "दुसऱ्या एका ऑफिसनं परत केलाय, म्हणून तुमच्या पैशांत बसतोय. वर कलर प्रिंटर."

सेक्रेटरीनं त्या कपाटावर धान्याच्या कणगीवर मारावी तशी थाप मारली. "ह्यो बगा. वजन हाय याला."

"वजन आपल्याला भाताचं करायचंय," मी म्हणाले. "सर्व्हरचं नाही."

दुकानातला एक नोकर हसला. तिथूनच बिघडलं. मी दुकानदाराला विचारलं, याच्या किमतीत यूपीएस आहे का. नव्हता. पंखे धूळ ओढतात त्याचं काय? दुकानदार कलर प्रिंटरकडं वळला. तीन प्रती कशा निघणार, विचारलं तर तो म्हणाला, "मॅडम, डॉट मॅट्रिक्स आता कोण घेतं? केवढा करकर आवाज करतो."

"खाली भाताची गिरणी आहे. तिच्यापुढं तो ऐकूसुद्धा येणार नाही."

सेक्रेटरीनं ग्लास खाली ठेवला. "बाई, तुमी हिशेब लिवा. खरेदी कशी करायची ते आमाला कळतं. तुमच्यात बायकांना हितवर येऊ देत्यात, तेच लई झालं."

'तुमच्यात' हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले होते. शाळेत, नळावर, एसटीच्या रांगेत. कधी सहज, कधी मुद्दाम. आमच्या घरात अब्बा आणि अम्मी भोरच्याच मराठीत भांडायचे, माझी आजी भोरच्या बाहेर फारशी कधी गेली नव्हती, पण हा शब्द आला की आम्ही दुसरीकडून आल्यासारखे व्हायचो. एरवी मी ऐकलं-न ऐकल्यासारखं केलं असतं. पण त्या दिवशी माझ्या सहीशिवाय त्या दुकानातून एक वायरसुद्धा बाहेर पडणार नव्हती.

"सही करायची की नाही, ते मी ठरवते," मी म्हणाले. "मी करत नाही." पर्स उचलली आणि बाहेर पडले.

स्वारगेटला भोरची एसटी लागली होती ती एकच, त्यामुळं परत आम्ही दोघं एकाच गाडीत. तो चेलाडीला उतरला. उतरताना त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. मी मात्र तो दिसेनासा होईपर्यंत त्याच्या पाठीकडं बघत होते.

दुसऱ्या दिवशी कचेरीत सगळ्यांना माहीत होतं की बाई पुण्यात रुसून निघून आल्या. चेअरमननी बोलावलं. मी त्यांना धूळ, मोटर, यूपीएस, तीन प्रती, सगळं सांगितलं. तो शब्द सांगितला नाही. सांगितला असता तर प्रिंटर बाजूला पडला असता आणि सगळे मिळून माझी समजूत काढत बसले असते. मला समजूत नको होती, डॉट मॅट्रिक्स हवा होता.

"बघू," चेअरमन म्हणाले.

मग सुगी सुरू झाली. एक दिवस मी एसटीतून उतरून आवारात शिरले तर भाताच्या पोत्यांच्या गाड्यांमध्ये एक पुण्याचा टेम्पो उभा. मोठमोठे पुठ्ठ्याचे खोके उतरत होते. सेक्रेटरी नारळ, हळदकुंकू आणि उदबत्त्यांचं ताट घेऊन उभा होता. दुकानाचा मेकॅनिक ऑर्डरची प्रत हातात धरून खोके मोजत होता. मी ती त्याच्या हातातून घेतली. त्या काळ्या कपाटाची आणि कलर प्रिंटरची ऑर्डर. खाली सेक्रेटरीची सही, आणि तिच्या शेजारी माझी, इंग्रजीत, वळणदार. मी आयुष्यात कधी इंग्रजीत सही केलेली नव्हती. शिकलेली बाई म्हणजे इंग्रजीतच सही करणार, असा त्याचा अंदाज असावा.

माडीचा जिना लोखंडी आणि अरुंद होता. मी चार पायऱ्या चढून मध्येच उभी राहिले.

"हे वर जाणार नाही," मी म्हणाले.

मोठा खोका पाठीवर घेतलेला हमाल खाली थांबला. त्यानं एकदा माझ्याकडं, एकदा सेक्रेटरीकडं पाहिलं. "खाली ठिऊ का, बाई? पाठ भरून आली."

"ठेवा."

त्यानं ठेवला. सेक्रेटरी ताट घेऊनच जिन्यापाशी आला. "सरका बाजूला."

"सही कुणी केली?"

"तुमच्या नावाची हाय."

"नाव माझं आहे. सही माझी नाही."

तो एक पायरी चढला. तंबाखूचा वास आला. "लेडीज हाय म्हणून गप बसतोय मी."

"मीही, तुम्ही वयानं मोठे म्हणून अहोजाहो करतेय."

एव्हाना काट्यावरची रांग मोडून माणसं जिन्याभोवती जमली होती. खाली कुणीतरी विचारत होतं, "काय झालं?" आणि दुसरं सांगत होतं, "सही खोटी हाय म्हनं." 'खोटी' हा शब्द गर्दीतून मागं मागं जाताना मला ऐकू येत होता, आणि सेक्रेटरीलाही.

कुणीतरी फोन केला असणार. चेअरमनची जीप आली. खोटी सही ऐकून ते चिडले नाहीत, गर्दी बघून चिडले. "बाई, आत बसून बोलू."

"साहेब, इथंच बोलू. खोके इथंच उघडा, काट्याजवळ लावा. एका फटक्यात तीन प्रतींची पावती काढून दाखवा. निघाली, तर मी स्वतः हा डबा डोक्यावर घेऊन वर नेते."

चेअरमननी सेक्रेटरीकडं पाहिलं. तेवढ्यात पासलीच्या संचालक बाई पुढं आल्या. महिलांच्या राखीव जागेवर त्या निवडून आल्या होत्या. बैठकीत त्यांना चहा द्यायचे आणि सही कुठं करायची ते दाखवायचे. त्या दिवशी त्या स्वतःचं भात घेऊन आल्या होत्या आणि सकाळपासून रांगेत ताटकळल्या होत्या. "आवो लावा की," त्या म्हणाल्या. "माजंच भात हाय काट्यावर. माजीच पावती काढा. आमी काय रातच्याला मुक्काम करायचा का हितं?"

मेकॅनिकनं टेबलावर सगळं मांडलं, गिरणीच्या बोर्डावरून वायर ओढली. काळं कपाट घोंघावायला लागलं. पहिली पावती निघाली, वर संस्थेचं रंगीत बोधचिन्ह. लोक "व्वा" म्हणाले. सेक्रेटरीनं माझ्याकडं पाहिलं. मग मेकॅनिकनं कागदाखाली कार्बन आणि दुसरा कागद सरकवून परत काढली. प्रिंटरनं ते सगळं चुरगाळून अडकवलं. ओढून काढल्यावर संचालक बाईंनी खालचा कागद उलटापालटा केला. "ह्याच्यावर तर कायच न्हाई."

"तीन वेळा काढायची, मावशी," मेकॅनिक म्हणाला.

"येका पोत्याला तीन येळा?"

तो तिसऱ्यांदा काढत असतानाच आत गिरणीवाल्यानं मोटर सुरू केली. बाहेर काय चाललंय याची त्याला कल्पना नव्हती. तो आपलं रोजचं काम करत होता. दिवा मिणमिणला, पडदा काळा झाला, पावती प्रिंटरच्या तोंडात अर्धी राहिली, आणि ते कपाट एक लांब शिट्टी मारून पहिल्यापासून सुरू व्हायला लागलं.

"किती येळ लागंल?" रांगेतून कुणीतरी विचारलं.

"पाचेक मिनिटं."

"मोटार तर दिवसातनं धा येळा बंद-चालू हुती." मग एकजण हसला, आणि त्याच्या मागोमाग सगळं आवार.

नंतर सेक्रेटरीनं सगळ्यांना सांगितलं की मीच गिरणीवाल्याला खूण केली. केली नव्हती. सुचलं असतं तर केली असती.

खोके परत टेम्पोत चढले. नारळ तसाच राहिला. गर्दी पांगल्यावर चेअरमननी मला जीपजवळ बोलावलं. "तुमचं खरं झालं, बाई. पण चारचौघांत आमची शोभा केलीत, ती लक्षात राहील."

"आणि सहीचं काय?"

"ते नंतर बघू."

ते कुणी कधीच बघितलं नाही. सेक्रेटरीला नोटीस नाही, जाब नाही, काही नाही. मी लेखी अर्ज दिला. त्याची पोचसुद्धा मिळाली नाही. घरी अब्बांना सांगितलं तेव्हा ते सायकलची चेन काढत होते. त्यांनी एवढंच विचारलं, "उद्या जाणार आहेस ना?" मी हो म्हणाले.

पुढच्या महिन्यात माझ्या यादीप्रमाणं सगळं आलं. दोन डिस्कचा साधा सर्व्हर, दणकट यूपीएस, रुंद डॉट मॅट्रिक्स. फक्त काचेच्या पार्टिशनला मंजुरी मिळाली नाही. पैसे उरले होते, तरीही नाही. मग मी एका जुन्या लोखंडी कपाटात सर्व्हर ठेवला, कपाटाचं दार काढून तिथं मलमलचा पडदा लावला, आणि दर शनिवारी अब्बांच्या दुकानातला हवा भरायचा पंप पिशवीत घालून नेऊन सर्व्हरच्या आतली धूळ उडवायला लागले. एसटीत कंडक्टर विचारायचा, "मॅडम, सायकल कुठंय?"

आणि सेक्रेटरी? त्यानं आपली लढाई चालू ठेवली. प्रिंटरच्या रिबिनी आपल्या कपाटात कुलूप लावून ठेवल्या. मी एक रिबीन कायम पर्समध्ये ठेवायला लागले. एसटी उशिरा आली की माझ्या नावापुढं लाल शेरा. काट्यावरच्या माणसाला सांगायचा, "मशीन बंद हाय म्हणून सांग, हातानं लिव." पण एकदा छापील पावती मिळाल्यावर शेतकरी हातानं लिहिलेली घेईनात. तिसऱ्या प्रतीवरसुद्धा आकडा स्वच्छ वाचता यायचा. जुना पुसट आकडा आता त्यांनाच सोसवेना, म्हणून मशीन चालू राहिलं. माझ्यावर कुणाची मेहेरबानी झाली म्हणून नव्हे. दुसऱ्या संस्थांची माणसं बघायला यायची तेव्हा सेक्रेटरी त्यांना कपाटासमोर नेऊन उभं करायचा आणि म्हणायचा, "आमी बसवला. लई चौकशी करून बसवला." मी तिथंच बसलेली असायचे. मी मान वर करत नसे. माझ्या बोटांचा वेग मात्र वाढायचा.

लोक म्हणतात, जाऊ द्यावं. दिवाळीला तो फराळाचा डबा सगळ्यांपुढं फिरवायचा, माझ्यापुढं आला की न थांबता पुढं जायचा. ईदला मी शीरखुर्मा न्यायचे तो सगळ्यांना द्यायचे, त्याला नाही. हमाल गालात हसायचे. असं आम्ही सुगीमागून सुगी काढली.

मग भोरातच एका कारखान्याच्या कचेरीत मला काम मिळालं. राजीनामा दिला. माझ्या जागेवर वेल्ह्याची एक मुलगी आली, नुकतं लग्न झालेली, शांत. तिला मी आठवडाभर सगळं शिकवलं. शेवटच्या दिवशी सेक्रेटरी सगळ्यांसमोर माझ्या टेबलापाशी आला. "पासवर्ड सांगा, बाई."

"पाकिटात घालून चेअरमनसाहेबांना दिलाय."

"आमच्यावर इस्वास न्हाई?"

"नाही."

मी खुर्ची एका हमालाला देऊन टाकली, सगळ्यांचा निरोप घेतला, जिना उतरले. अर्ध्यात आले तर वरून ती मुलगी हाक मारत होती. प्रिंटरचा कागद तिरका जात होता, रांग अडली होती. मी परत वर गेले. कागदाच्या कडेची भोकं दात्यांवर कशी बसवायची, खटका कुठं दाबायचा, ते तिच्या हातानं दोनदा करून घेतलं. पावती सरळ निघाली. सेक्रेटरी दारात उभा राहून बघत होता.

"एसटी गेली तुमची," तो म्हणाला.

खरंच गेली होती. मी तांदळाची पोती घेऊन निघालेल्या एका टेम्पोत पुढं बसून चेलाडीपर्यंत गेले.